वसाहतीच्या छोट्या उद्यानात डिस्क गोल्फचा कोर्स कसा आखावा?

सिडकोनिवासी, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. आमच्या वसाहतीचे उद्यान जेमतेम दीड एकराचे आहे. कडेने चालण्यासाठी पेव्हर ब्लॉकचा मार्ग, मधोमध हिरवळ, तीत कडुलिंब, करंज आणि जुने गुलमोहर, आणि एका कोपऱ्यात लहान मुलांची घसरगुंडी अशी रचना आहे. पुण्यात शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला, की आम्ही झाडांच्या खोडांना लक्ष्य मानून डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे हाताने फेकायची प्लास्टिकची तबकडी (डिस्क) कमीत कमी फेकींत लक्ष्यापर्यंत नेतो. आता शेजारची मुले आणि त्यांचे पालकही येऊ लागल्याने डिस्क अडवणाऱ्या साखळ्यांच्या बास्केट बसवून रीतसर नऊ होलचा (होल म्हणजे फेकीच्या जागेपासून एका बास्केटपर्यंतचा टप्पा) कोर्स करावा, असा विचार आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे परवानगीचा अर्ज करताना सोबत नकाशा जोडायचा आहे. एवढ्या जागेत नऊ होल बसतील का, कोणत्या डिस्क घ्याव्यात आणि बास्केट स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लातूरचा खेळाडू

नऊचा आग्रह सोडावा. दीड एकर म्हणजे सुमारे ६,००० चौरस मीटर. त्यातून चालण्याचा मार्ग, घसरगुंडी आणि त्यांच्याभोवती मोकळी ठेवायची जागा वजा केली, तर २५ ते ४५ मीटर लांबीचे पाच किंवा सहा होल एकमेकांना न छेदता बसतील, आणि वसाहतीसाठी तेवढे पुष्कळ आहेत. खेळ वाढवायचाच असेल, तर त्याच बास्केटसाठी दुसऱ्या बाजूने दुसरी टी (पहिल्या फेकीची जागा) आखावी. मात्र त्या वेळी मैदानात एकच गट असला पाहिजे.

नकाशा काढताना प्रथम होल न आखता, जिथे डिस्क जाता कामा नये त्या जागा आखाव्यात. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) फेकलेली डिस्क वेग कमी होताच डावीकडे वळते, म्हणून घसरगुंडी डावीकडे येईल असा होल ठेवू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु नवशिक्याच्या हातातून डिस्क उशिरा सुटते आणि थेट उजवीकडे जाते, शिवाय डावखुऱ्याचे वळण उलट असते. तेव्हा आपल्यासारख्या उद्यानात दोन्ही बाजू धोक्याच्याच मानाव्यात. माझ्या मते टी मार्गाला लागून असावी, फेकणाऱ्याची पाठ मार्गाकडे असावी आणि बास्केट आतल्या बाजूला असावी. चालण्याचा मार्ग आणि त्यापलीकडची जागा ‘आउट ऑफ बाउंड्स’ (खेळाच्या हद्दीबाहेर) जाहीर करावी. डिस्क पूर्णपणे त्या जागेत गेली, तर नियमाप्रमाणे एका फेकीचा दंड बसतो, आणि दंडाच्या भीतीने खेळाडू आपोआप सावध फेकतात. सूचनाफलकाने हे साधत नाही. एखादे झाड ठरावीक बाजूनेच ओलांडण्याची सक्तीही करता येते. तुमच्या गुलमोहरांचा उपयोग असा करावा.

डिस्कविषयी: लांब पल्ल्याचे ड्रायव्हर मुळीच घेऊ नयेत. त्यांची कड धारदार असते, वेग जास्त असतो, आणि सराव नसलेल्या हातातून ते दूर जाण्याऐवजी लवकर डावीकडे कोसळतात. प्रत्येकाला एक पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) आणि गटात दोन-तीन मिडरेंज (मध्यम पल्ल्याच्या डिस्क) एवढ्यावर हा संपूर्ण कोर्स खेळता येतो. मुलांसाठी १५० ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या डिस्क पाहाव्यात. पटर मऊ प्लास्टिकचे असल्यास मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नयेत, कारण उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो.

परभणीहून एक स्थापत्य अभियंता

बास्केट स्थानिक कारागिराकडून निश्चितच होतील. गॅल्व्हनाइज्ड पाइप, गॅल्व्हनाइज्ड साखळी आणि खाली जाळीची टोपली एवढेच ते काम आहे. टोपलीची वरची कड जमिनीपासून सुमारे ८२ सेंटीमीटरवर ठेवावी आणि टोकदार वेल्डिंग घासून घ्यावे. खरी अडचण जमिनीची आहे. तुमच्याकडे काळी माती असेल, तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवर रोवलेला खांब एक-दोन वर्षांत कलतो. खड्डा खोल घ्यावा, काळी माती काढून मुरूम धुम्मस करून भरावा आणि मग काँक्रीट करावे. काँक्रीटमध्ये खांब थेट न गाडता थोड्या मोठ्या व्यासाची नळी बसवावी, म्हणजे बास्केट उचलून ठेवता येते. भंगाराच्या भावाने साखळ्या नाहीशा होण्याची शक्यता आपल्याकडे गृहीत धरलेलीच बरी. प्रत्येक होलला अशा दोन नळ्या असल्या, तर जागा बदलून हिरवळीलाही विसावा देता येतो.

जालन्याहून, रोज चालणारा

मी खेळाडू नाही. परंतु ज्यांच्या अंगावरून या डिस्क जाणार, त्यांच्या वतीने लिहितो. डिस्क चेंडूसारखी टप्पा घेऊन आवाज करीत येत नाही, पाठीमागून आली तर कळतही नाही. आमच्या उद्यानात पहाटे साडेपाचपासून सात-साडेसातपर्यंत ज्येष्ठ नागरिकांची आणि संध्याकाळी मुलांची गर्दी असते. उन्हाळ्यात सकाळच्या त्या वेळेनंतर उन्हात उभे राहवत नाही. मग हा खेळ नेमका केव्हा खेळणार, याचे उत्तर अर्जातच असावे.

लातूरचा खेळाडू

आक्षेप रास्त आहे. खेळाच्या नियमांतच असे आहे, की आपल्या फेकीने कोणाला इजा होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय फेकता येत नाही. म्हणजे चालणाऱ्यांनी थांबायचे नसून खेळाडूंनी थांबायचे आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात चालणारे परतल्यावरचा तासभर आणि हिवाळ्यात रविवारची दुपार खेळासाठी ठरलेली आहे. जून-जुलैच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यात मात्र वेळ मोकळी असली तरी खेळ टाळावा. समोरच्या वाऱ्यात डिस्क वर उचलली जाते आणि कुठेही वळते.

सिडकोनिवासी

सर्वांचे आभार. सहा होलचाच नकाशा काढतो, त्यावर वेळा लिहितो आणि काँक्रीट करण्यापूर्वी एक हंगाम तात्पुरत्या खांबांवर खेळून पाहावे, असे ठरवतो. एक शंका राहिली: डिस्क कडुलिंबात अडकली, तर काय करायचे? मुले लगेच दगड मारतात.

लातूरचा खेळाडू

तात्पुरत्या खांबांचा विचार उत्तम. या खेळाचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात कोर्स आखला, तेव्हा तिथेही लक्ष्य म्हणून खांबच होते; साखळ्यांची बास्केट नंतर आली. फक्त कोवळ्या झाडांची खोडे लक्ष्य म्हणून वापरू नयेत, साल सोलली जाते. अडकलेल्या डिस्कच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करावी आणि दुसऱ्या डिस्कने तिथून पुढची फेक करावी. दगडांना सक्त मनाई असावी. उद्यानाच्या माळ्याकडे आकडी असलेला लांब बांबू असतो, तो फेरी संपल्यावर मागून घ्यावा.