अननस घातलेला बनाना ब्रेड मध्ये गिच्च राहतो, काय बदलू?

गोरेगाव_पूर्व: २०० ग्रॅम मैदा, ३ मोठी रोबस्टा केळी, वाटीभर कच्चा अननस बारीक चिरून, २ अंडी, १२० ग्रॅम साखर, १०० मिली तेल, १ टीस्पून सोडा. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १८ लिटरचा, १८० अंशांवर ४५ मिनिटं. वरून काळपट लाल, मध्ये ओला गोळा, अननस सगळा तळाशी. साचा, तापमान की प्रमाण, नक्की काय चुकतंय? दही घालून बिनअंड्याचाही करायचा आहे.

मापात_पाप_नाही: प्रमाण. तीन रोबस्टा सोलून सहज ३०० ग्रॅम भरतात, त्यावर वाटीभर अननस आणि त्याचं पाणी. एवढं ओलं २०० ग्रॅम मैद्याला झेपत नाही. केळं नगावर मोजूच नका, सोलून वजन करा: २२० ग्रॅम, बास. वेलची केळी घेतलीत तर उत्तमच, पाणी कमी आणि वास छान. वसईची राजेळी मात्र सुकेळ्यांसाठी (वाळवलेल्या केळ्यांसाठी) राहू द्या, ब्रेडमध्ये तिच्या गुठळ्या राहतात. साखर ११०, तेल ८० मिली. सोडा अर्धा टीस्पून आणि बेकिंग पावडर १ टीस्पून. सोडा जास्त झाला की रंग काळपट येतो आणि चवीला साबणासारखं लागतं.

माहीमची_भट्टी: अननस कच्चा घालू नका, हे पहिलं. १८० ग्रॅम चिरलेला अननस चमचाभर साखरेबरोबर पसरट कढईत मध्यम आचेवर ठेवा. आधी भरपूर पाणी सुटतं, मग ते आटतं आणि तुकडे काचेसारखे दिसायला लागतात. कढईत चमचा ओढल्यावर मागे रस धावून आला नाही की बंद. साधारण १०० ग्रॅम उरतो. पूर्ण गार करूनच मिश्रणात घाला.

गोरेगाव_पूर्व: चाळणीत निथळून चालणार नाही का? किंवा तुकडे मैद्यात घोळवून?

माहीमची_भट्टी: निथळल्याने वरचं पाणी जातं, तुकड्याच्या आतलं ओव्हनमध्ये सुटतंच. मैद्यात घोळवण्याचा उपयोग थोडाच, मिश्रण पातळ असेल तर तुकडे बुडणारच. ते चमच्यावरून जड, सलग पडायला हवं, धार लागता कामा नये. आणि दह्याबरोबर तर कच्चा अननस अजिबात नको. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि कडवट चव येते. शिजवलं की ते निकामी होतं. डब्यातल्या अननसात ही भीती नाही, पण पाक घट्ट पिळून काढा आणि साखर २० ग्रॅम कमी करा.

ओटीजी_दुरुस्त: १८ लिटरमध्ये साचा वरच्या कॉइलच्या फार जवळ येतो, म्हणून वर करपतं आणि मध्ये कच्चं राहतं. जाळी सर्वात खालच्या खाचेत, दोन्ही कॉइल चालू, १५ मिनिटं प्रीहीट. मग १६५ अंशांवर ५५ ते ६५ मिनिटं, पस्तिसाव्या मिनिटाला वर फॉइल सैल झाकायची. डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा थर्मामीटर घ्याच. क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळेल, तिथेच साडेआठ बाय साडेचार इंची अ‍ॅल्युमिनियमचा साचा बघा. मिश्रण पाऊण साच्याच्या वर नको. टूथपिक अननसाच्या तुकड्यात घुसली तर फसवते, दोन-तीन ठिकाणी टोचा. प्रोब (टोचून तापमान बघायचा थर्मामीटर) असेल तर मधोमध ९६ अंश आले की काढा.

मापात_पाप_नाही: ढवळण्याचं राहिलं. ओलं आणि कोरडं वेगवेगळं तयार करा, एकत्र केल्यावर उलथन्याने दहा-बारा वेळा फक्त वरखाली. मैद्याचे कोरडे पट्टे दिसेनासे झाले की थांबा. बीटर लावलात तर मैद्यातलं ग्लुटेन (प्रथिनांचं जाळं) चिवट होतं, आत उभे बोगदे पडतात. बिनअंड्याच्यासाठी १०० ग्रॅम दही, अर्धा तास टांगलेलं. तो थोडा बसकाच होतो, फुगवायला आणखी सोडा घालू नका. आणि ते पिवळं पायनॅपल इसेन्स कृपया नको, आटवलेल्या अननसाला भरपूर वास असतो.

गोरेगाव_पूर्व: आभार! अननसाऐवजी डब्यातला हापूसचा रस चालेल?

माहीमची_भट्टी: चालेल, पण केळं पूर्ण काढू नका. आंब्याच्या रसाला केळ्याइतकी पकड नाही, ब्रेड दडस होतो. १२० ग्रॅम केळं, १०० ग्रॅम रस, साखर ८०. रस पातळ असेल तर आधी आटवा. आणि मुंबईच्या दमट हवेत दोन्ही ब्रेड ओट्यावर एक दिवसच. पूर्ण गार झाल्यावर कापून फ्रिजमध्ये टाका, नाहीतर बुरशी धरते.