गेराल्टची नोंद : पुस्तकं, गेम आणि मालिका एकत्र कशी लिहायची?

प्रश्न : ‘द विचर’ या कल्पित कथामालेचा नायक, राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट, याच्यावर सविस्तर नोंद लिहायला घेतलीय आणि तलवारींपाशी अडकलेय. गेममध्ये पोलादी आणि चांदीची, दोन्ही पाठीवर. पुस्तकांत मात्र चांदीची बहुतेक वेळा रोच घोडीच्या खोगिराशी, गुंडाळलेली. एकाच परिच्छेदात दोन्ही लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळच उडेल. काय करू?

प्रतिसाद १ : सरमिसळ अजिबात नको. मूळ लेखक सापकोव्स्कीची गेराल्टवरची पहिली कथा १९८६ची, पहिला गेम २००७चा. त्यात गेमची गोष्ट सुरू होते तीच कादंबऱ्या संपल्यावर, तीही स्मृती गेलेल्या गेराल्टपासून! आधी फक्त पुस्तकं लिहा, गेमला स्वतंत्र प्रकरण द्या.

प्रतिसाद २ : मालिका कोणती तेही लिहा. २००२ची पोलिश मालिका लोक विसरतात, त्यात गेराल्टच्या भूमिकेत मिखाऊ झेब्रोव्स्की होता. २०१९च्या नेटफ्लिक्स मालिकेत हेन्री कॅव्हिल, चौथ्या सीझनला लियाम हेम्सवर्थ. नटाचा चेहरा पात्राच्या वर्णनात घुसू देऊ नका, एवढं मात्र कराच.

प्रश्नकर्ती : पटलं. काल रात्री सगळं खोडून नव्याने लिहिलं. पुस्तकांचा भाग रिव्हियातल्या दंगलीपाशी थांबवला, दाताळ्याच्या वाराने गेराल्ट कोसळतो तिथे. ते लिहिताना हात थरथरला. पुढचं पान गेमसाठी कोरं ठेवलंय.