व्हेरोनिक शेवटी त्याला सोडून का जाते?

रेसकोर्सकर: काल रात्री दिग्दर्शक किश्लोव्स्कीचा 'द डबल लाइफ ऑफ व्हेरोनिक' पिक्चर बघितला, १९९१चा. पोलंडची व्हेरोनिका स्टेजवर गाता गाता कोसळते आणि तिकडे फ्रान्समधली व्हेरोनिक, काही ठाऊक नसताना, रडवेली होऊन गाणंच सोडते, इथपर्यंत ठीक. पण तो कठपुतळीवाला, ज्याच्यासाठी ती कॅसेटमधले आवाज ओळखत ओळखत पॅरिसच्या स्टेशनापर्यंत जाते, त्याला टाकून बापाकडे का जाते? चांगला तर होता की. आणि दोघी दिसायला हुबेहूब, मग जुळ्या आहेत का? घरी सगळे झोपलेले, विचारू कोणाला.

मांडवीवाली: जुळ्या नाहीत रे, नातंच नाही काही. दुसरी कोणी होती याचा पुरावा म्हणजे तो एक फोटो, पोलंडमधल्या क्राकू शहराच्या चौकात मोर्चाची पळापळ चाललेली असते नि फ्रान्सची व्हेरोनिक बसमधून क्लिक क्लिक करत सुटते त्यात पोलंडवालीचा आलेला. गंमत बघ, जिने दुसरीला डोळ्यांनी बघितलं ती मेली, जी जगली तिला कळायला पिक्चर संपत आला.

दांडियाबाजार_७: चांगला कसला! तो दोन सारख्या बाहुल्या करतो ना, ही विचारते दोन का, तर म्हणे खेळात हाताळून खराब होतात. तो फोटो बघून ही ढसाढसा रडलेली, आणि साहेबांनी त्याचीच गोष्ट करून टाकली, एकीचा हात चुलीवर भाजतो नि दुसरी काही दिवसांनी वेळेत मागे घेते वगैरे. हिच्या जिवाचं ते ह्याच्या पुढच्या शोचा माल. मी पण निघाले असते.

मांडवीवाली: +१. आणि ती चुलीची गोष्टच सगळा पिक्चर आहे. गाणं सोडल्यावर ही हृदयाचा ईसीजी काढून येते, आठव. म्हणजे एकीला भाजलं, नि हिने वेळेत हात मागे घेतला. आमच्या म्युझिक कॉलेजात कोणी असं मधेच सोडलं असतं तर गुरुजी घरी येऊन बसले असते, तिचे सर पण चिडतातच. बाय द वे ते गाणं ज्या जुन्या डच संगीतकाराचं सांगतात तो माणूसच नाही, सगळं पिक्चरचा संगीतकार प्राइझनर याचं.

रेसकोर्सकर: हो ईसीजी! ते डोक्यातच नाही आलं. माझ्या कॉपीत शेवटी ती गाडीतून हात काढून झाडाला लावते आणि संपतं, कट झालाय का काही?

दांडियाबाजार_७: नाही, मूळ शेवट तोच. अमेरिकेतल्या लोकांना ती घरी पोचली की नाही कळेना म्हणून तिथल्यासाठी बापाला मिठी मारते ते जोडलं, मला फालतू वाटतं. आता किश्लोव्स्कीचाच 'रेड' बघ, १९९४चा, यातल्या दोघी करणारी तीच आयरीन जेकब आहे.