लीव्ह अँड लायसन्सचा मसुदा आलाय, अंगठा देण्याआधी काय बदलून घ्यावं?

नवा_भाडोत्री:
मंडळी, पुण्यात टू बीएचके लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडे कराराने घेतोय. ११ महिने, भाडं २२,०००, डिपॉझिट १ लाख. एजंटने मसुदा पाठवलाय, बुधवारी बायोमेट्रिक (ऑनलाइन नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा). मूळ इंग्रजीत आहे, खटकणारी कलमं मराठीत देतो:

कलम ४: लॉक-इन (सोडता न येण्याचा काळ) ६ महिने. परवानाधारकाने, म्हणजे मी भाडेकरूने, आधी सोडल्यास उरलेल्या महिन्यांचं भाडं भरावं लागेल.
कलम ५: मालक केव्हाही १ महिन्याच्या नोटिशीवर करार संपवू शकतो.
कलम ९: घरातल्या सर्व दुरुस्त्या परवानाधारकाकडे.
कलम ११: सोडताना रंगकामापोटी १ महिन्याचं भाडं कापून उरलेलं डिपॉझिट ४५ दिवसांत परत.
कलम १४: मुदतीनंतर राहिल्यास रोज २,००० रुपये.

मालक गीझर बदलून देतो आणि खिडक्यांना जाळ्या बसवतो म्हणालेत, पण मसुद्यात त्याचा उल्लेख नाही. एजंटचं म्हणणं, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे असाच करतात." वर असंही म्हणतो की ११ महिन्यांचाच आहे, नोटरी केला तरी भागेल. कशावर अडून बसावं आणि काय सोडून द्यावं?

मसुदावाचक:
नोटरीचं आधी निकालात काढा. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा केंद्राच्या नोंदणी कायद्यातला नियम. महाराष्ट्रात त्याच्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ आहे: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ३ महिन्यांचा. जबाबदारी मालकाची, आणि कसूर केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही मालकालाच. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे नोटरीत जास्त धोका मालकाचा आहे. हे त्यांना सांगा, एजंट आपोआप गप्प बसेल.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. तुमचं भाडं २,४२,०००, त्यात ११ महिन्यांचं व्याज ९,१६७, म्हणजे शुल्क सुमारे ६२८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. याशिवाय मागतील त्यात मुख्य म्हणजे एजंटची घरी येण्याची मजुरी. ती कोण देणार हे आधी ठरवा, नाहीतर ऐन वेळी निम्मी तुमच्या गळ्यात पडते.

आता गीझर आणि जाळ्या. याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक जागा रिकामी करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकणारा सरकारी अधिकारी) गेला, तर लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. फोनवर काय ठरलं होतं याला तिथे किंमत नाही. म्हणून एकच ओळ घाला: "ताबा देण्यापूर्वी मालक स्वखर्चाने नवीन गीझर व सर्व खिडक्यांना जाळ्या बसवून देतील." "लवकरच" किंवा "शक्यतो" असले शब्द नकोत.

कलमं_नीट_वाचा:
कलम ४ आणि ५ एकत्र वाचा, खरी गोम तिथे आहे. तुम्ही सहा महिने बांधलेले, मालक मात्र पहिल्याच महिन्यात नोटीस देऊ शकतो. लॉक-इनला हरकत नाही, फक्त तो दोघांना हवा. कलम ५ असं करून घ्या: "लॉक-इन संपल्यावर कोणताही पक्ष १ महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल, लॉक-इनच्या काळात मालक फक्त सलग दोन महिन्यांचं भाडं थकल्यास किंवा जागेचा गैरवापर झाल्यास करार संपवू शकतील." नोटीस ईमेलने चालेल हेही लिहा आणि दोघांचे ईमेल करारात टाका. उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं ही अट जड आहे. एक महिन्याच्या भाड्यावर बहुतेक मालक तयार होतात.

कलम ९ जसंच्या तसं अजिबात मान्य करू नका. "सर्व" या शब्दात छताची गळती, भिंतीतला पाइप, जळालेली वायरिंग, सगळं येतं. सरळ वाटणी करा. भिंत, छत, अंतर्गत पाइप, वायरिंग आणि मालकाने दिलेली उपकरणं मालकाकडे. बल्ब, नळाचे वॉशर, तुंबलेलं सिंक असलं किरकोळ तुमच्याकडे, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत. वर गेलं तर मालक, आणि कळवल्यापासून ७ दिवसांत झालं नाही तर तुम्ही करून बिलाची रक्कम भाड्यातून वळती करणार. हे शेवटचं वाक्य नसेल तर आधीच्या वाटणीला दात नाहीत.

कलम १४ वर वाद घालायचा तर आकडा धरून घाला. मुदतीनंतर जागा न सोडल्यास कायदा भाड्याच्या दुप्पट भरपाई सांगतो: महिना ४४,०००, रोजचे साधारण १,४६७. रोज २,००० म्हणजे महिना ६०,०००. "भाड्याच्या दुप्पट दराने" एवढंच लिहून घ्या. नाही बदललं तरी मी यावर करार मोडणार नाही. वेळेत सोडलं तर हे कलम लागूच होत नाही.

मीटर_रीडिंग:
भांडणं होतात ती कलम ११ वरून. ११ महिन्यांत रंग उडतो ती नेहमीची झीज, आणि सरसकट महिन्याचं भाडं कापणं म्हणजे २२,००० आधीच गेले असं समजा. "नेहमीची झीज सोडून झालेलं नुकसान, बिल दाखवून" एवढीच कपात ठेवा. मालक अडले तर ठरावीक रक्कम घाला, पण "एक महिन्याचं भाडं" नको. उरलेलं डिपॉझिट चावी देताना, त्याच दिवशी. ४५ दिवस थांबलात तर हातात चावीही नसते आणि पैसेही.

डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि व्यवहार क्रमांक करारात येऊ द्या. टोकन (घर धरून ठेवायला दिलेली आगाऊ रक्कम) दिलं असेल तर ते डिपॉझिटमध्ये धरलंय असं लिहा.

शेवटी जोडायची यादी एजंट नेहमी "४ पंखे, ५ ट्यूब" इतकीच करतात. तुम्ही कंपनी, चालू की बंद, आणि आधीचं नुकसान लिहा: "स्वयंपाकघराच्या ओट्याला उजव्या कडेला तडा", "बाथरूमच्या दाराचा तळ फुगलेला". किल्ल्या किती, तेही. ताब्याच्या दिवशी वीज मीटरचं रीडिंग लिहा आणि ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या साइटवर थकबाकी बघा. आधीच्या भाडेकरूचं बिल राहिलं असेल तर वीज तुमची तुटते.

मेंटेनन्स कोण भरणार ते स्पष्ट हवं. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी त्याच्याकडून जे ना-भोगवटा शुल्क घेते ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाचं देणं आहे. करारात गुपचूप तुमच्यावर ढकललेलं नाही ना, बघा.

नवा_भाडोत्री:
कलम ४, ५ आणि ९ वर तयार झाले. रंगाचे ८,००० ठरले. एक नवीनच निघालं: मालक दुबईत असतात, सही त्यांचा भाऊ करणार. चालतं का?

मसुदावाचक:
चालतं, पण कुलमुखत्यारपत्र (मालकाने भावाला आपल्या वतीने सही करायला दिलेला लेखी अधिकार) मागा आणि वाचा. त्यात लीव्ह अँड लायसन्स करण्याचा आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. नुसती "मालमत्तेची देखभाल" पुरेशी नाही. परदेशात केलेलं असेल तर भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक लागलेला असावा. फ्लॅटची सूची २ (इंडेक्स टू, खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि घरपट्टीची पावती पाहून मालकाचं नाव जुळवा. पैसे भावाच्या नाही, मालकाच्या खात्यात.

दुसरं जास्त महागात पडू शकतं. मालक करासाठी अनिवासी असतील तर टीडीएसला (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) महिना ५०,००० ची मर्यादा लागत नाही. पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के तुम्ही कापून भरायचा, म्हणजे २२,००० मधून ६,८६४, आणि त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो. नाही कापला तर वसुली तुमच्याकडून होते. मालकांनी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं तर त्या दराने कापा. "भाडे टीडीएस वजा करून दिले जाईल" हे करारात हवंच, नाहीतर उरलेले थकले म्हणून नोटीस येईल.

कलमं_नीट_वाचा:
बुधवारसाठी एक. तुम्ही वर्ड फाइलमध्ये केलेले बदल एजंटने नोंदणीच्या सरकारी साइटवरच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरले असतीलच असं नाही. अंगठा देण्याआधी त्या साइटवरून निघालेली पीडीएफ मागा आणि नावांचं स्पेलिंग, पॅन, फ्लॅट व विंग क्रमांक, सुरुवातीची तारीख, डिपॉझिट आणि वरची कलमं त्याच पीडीएफमध्ये तपासा. नोंदणी झाल्यावर विंग चुकीची निघाली तर चूक दुरुस्ती पत्र वेगळं नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी भावाला पुन्हा बोलवायचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते. त्याची पोच आणि नोंदवलेल्या कराराची प्रत दोन्ही मागून ठेवा, सोसायटी सामान चढवू देण्याआधी हेच विचारते.