संध्याकाळचं दूध सकाळी तापवलं की नासतंय, मदत हवी आहे

गोठा नवीनच आहे, ६ गायी, साधारण ४५ लिटर दूध, डेअरीला न घालता थेट घरोघरी रतीब. सकाळच्या धारेची एकही तक्रार नाही, पण संध्याकाळचं २० लिटर रात्रभर ठेवून सकाळी वाटतो त्यातलं चार-पाच घरी तापवताना नासतं, रोज नाही, अधूनमधून, म्हणून तर डोकं चक्रावलंय.

करून पाहिलं ते असं: कॅन स्टीलचेच, धुण्याच्या सोड्याने गरम पाण्यात धुऊन उपडे वाळवतो, सड धुऊन कोरडे पुसतो, पहिल्या चार धारा काळ्या कपड्यावर बघतो, गुठळी दिसली नाही. सकाळ-संध्याकाळचं एकत्र करत नाही. मात्र परवा फ्रिजमधल्या कॅनमध्ये मधोमध थर्मामीटर बुडवला तर ३ तासांनीही १६ अंश! ४ अंशांवर यायला हवं ना ते.

बल्क कूलर (दूध थंड करणारी मोठी टाकी) एवढ्याशा दुधाला परवडत नाही, शिवाय रात्री लाईट जाते. बर्फाच्या पाण्यात कॅन बुडवून दूध ढवळत राहिलं तर पुरेल का, आणि २० लिटरला बर्फ किती लागेल? की एखाद्या गाईला न दिसणारा कासदाह (कासेची सूज) असेल, तो घरच्या घरी कसा तपासायचा?