आठव्या हेन्रीचे खांदे कसे शिवावेत?

सुईदोरा
आमच्या हौशी नाटकमंडळासाठी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा पोशाख शिवतेय. समोर चित्रकार होल्बाइनने रंगवलेला राजा आहे: पाय फाकवून उभा, खांदे दाराएवढे, आणि जांघेत पुढे आलेली ती कापडी पिशवी, कॉडपीस. आमचा नट सडपातळ. डगल्यात फोम भरला तर तो नुसता सुजलेला दिसतो. आणि ती पिशवी ठेवू का? दिग्दर्शक म्हणतात, लोक हसतील.

जुनी_चित्रं
ताई, ठेवाच. मूळ भित्तिचित्र व्हाइटहॉल राजवाड्यातलं, १५३७ सालचं. १६९८ च्या आगीत ते गेलं, पण त्यातल्या हेन्री असलेल्या डाव्या भागाचा होल्बाइनचा मूळ मापाचा आराखडा लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. १५३७ मध्येच हेन्रीला मुलगा झाला, ज्या वारसापायी त्याने रोमशी, म्हणजे पोपच्या चर्चशी, नातं तोडलं होतं. त्या दरबारात ही पिशवी म्हणजे वंश चालवायची ताकद. लंडनच्या टॉवरमधल्या त्याच्या चिलखतालासुद्धा ती आहे, तीही पोलादाची!

बेतणारा
मी तीस वर्षं कापड बेततोय, म्हणून शिवणीपुरतं सांगतो. आधी पायमोज्यांसारख्या दोन वेगळ्या तंगड्या असत, त्या वर डगल्याला नाड्यांनी बांधत. पंधराव्या शतकात डगले आखूड होत गेले आणि मधली फट उघडी पडली. ती झाकायला तिकोनी तुकडा आला, मग त्यात भरण आलं. त्यामुळे तुम्हीही ती वेगळी करा, नाड्यांनी बांधा. विजारीवर शिवून टाकलीत तर लोंबेल, आणि लोक हसतील ते त्याला.

फोम काढा. रुंदी आतल्या डगल्याची नाहीच, वरच्या झग्याची आहे. डगला अंगाबरोबर ठेवा, झग्याच्या बाह्या दंडावर फुगवा आणि फरची कॉलर खांद्याबाहेर जाऊ द्या.

शक्य झालं तर चित्रकार मोरोनीचं ‘शिंपी’ हे चित्रही बघा, लंडनच्याच नॅशनल गॅलरीत आहे, साधारण १५६५ ते ७० मधलं. हातात कात्री, समोर काळं कापड, त्यावर खडूच्या रेघा. काळा तेव्हा बड्यांचा रंग, कारण गडद आणि टिकाऊ काळा रंगवणं महागाचं काम. हा मात्र स्वतः फिक्या डगल्यात आणि लाल विजारीत. तरी बोटात अंगठी, आणि नजर अशी, जणू आपलंच माप घेतोय. आपल्या धंद्यातल्या माणसाला कुणी इतक्या मानाने रंगवलेलं मी दुसरं पाहिलं नाही. त्याची प्रिंट माझ्या बेतायच्या टेबलासमोर लावली आहे.

सुईदोरा
दादा, काल रात्री फोम उसवला. झगा जुन्या मखमली पडद्याचा बेतला, दंडाला कापूस भरला. आज तालमीत नट पाय फाकवून उभा राहिला आणि विंगेतली कुजबुज थांबली. पिशवी नाड्यांनीच बांधली. दिग्दर्शक काही बोलले नाहीत. फरचं तेवढं अडलंय, ब्लँकेटचा तुकडा चालेल का?

बेतणारा
चालेल. लांब केसांचा घ्या, आणि लव खाली वळेल असा कापा.