मदत हवी आहे : वडिलांना जगातला सर्वांत भव्य हिमनग दाखवायचा आहे, नक्की कुठे न्यावे?

हर्णैबंदर
नमस्कार. प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळ मिळावे एवढीच अपेक्षा आहे. वडिलांना एकदा खरा बर्फ दाखवायचा आहे. मनालीला पर्यटक एकमेकांच्या अंगावर फेकतात तो भुसभुशीत बर्फ नव्हे, तर निळसर, डोंगराएवढा, शतकानुशतके साचलेला बर्फ. गेला महिनाभर मी रोज रात्री याद्या वाचतो आहे. एका यादीत आर्जेंटिना पहिली, दुसरीत आइसलँड, तिसरीत ग्रीनलँड, आणि चौथीत अशी ठिकाणे की जिथे पोहोचायला स्वतःचे जहाज असावे लागेल. एका प्रवासी कंपनीला फोन केला, तर त्यांनी युरोपची आठ दिवसांची सहल पुढे केली, जिच्यात बर्फाला अर्धा दिवस आणि चॉकलेटच्या कारखान्याला एक पूर्ण दिवस दिला आहे. कृपया एकच ठिकाण सांगावे. याच आठवड्यात तिकिटे काढण्याचा विचार आहे.

गुहागरकर
कोणत्या महिन्यात जाणार, किती जण, वडिलांचे वय काय, चालणे कितपत जमते आणि खर्चाची मर्यादा किती, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर "एकच ठिकाण" सांगणे म्हणजे रोग्याला न पाहता पुडी बांधून देणे होय.

शुद्धलेखन_आजोबा
आधी शब्द नीट करून घेऊ. हिमनग म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुटलेला तुकडा. डोंगरातून स्वतःच्या वजनाने अतिशय सावकाश सरकत खाली येते ती हिमनदी. हिमनदी पाण्यापर्यंत पोहोचली आणि तिचे टोक मोडून पडले की हिमनग होतो. आपल्याला यांपैकी काय पाहायचे आहे? दोन्ही एकाच ठिकाणी दिसतील अशा जागा तुलनेने थोड्या आहेत.

हर्णैबंदर
दोन्ही चालतील. ठिकाण सांगा.

बिनपगारी भटका
पेरितो मोरेनो. पुढे वाचण्याचीही गरज नाही. आर्जेंटिनाच्या दक्षिणेला एल कालाफाते नावाचे गाव आहे, तिथून सुमारे ८० किलोमीटरवर ही हिमनदी थेट तलावात उतरते. तिचे तोंड सुमारे ५ किलोमीटर रुंद आहे आणि पाण्यावरची भिंत ६० मीटरच्या आसपास उंच भरते. समोरच्या टेकडीवर कठड्यांचे मार्ग बांधलेले आहेत. तिथे उभे राहिले की आधी तोफेसारखा आवाज येतो आणि आपण मान वळवेपर्यंत इमारतीएवढा कडा पाण्यात कोसळलेला असतो. आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे आवाजाकडे पाहणाऱ्याला फक्त लाटा दिसतात. मी पहिल्या दिवशी तासभर लाटाच पाहिल्या. दुसऱ्या दिवशी एकाच फटीवर नजर ठेवून बसलो, तेव्हा कडा पडताना दिसला. नोव्हेंबर ते मार्च या काळात जावे.

हर्णैबंदर
नोव्हेंबर ते मार्च कसे जमेल? मासेमारी बंदीतच जाणार ना. आमचा बर्फाचा कारखाना आहे. वडिलांनी त्यात ३८ वर्षे काढली, आता मी पाहतो. जून-जुलैमध्ये बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि लादीला गिऱ्हाईक नसते, तेवढेच दोन महिने आम्ही मोकळे असतो. हे वेगळे लिहावे लागेल असे वाटले नव्हते.

गुहागरकर
लिहावे लागते. इथे पुण्याचे आणि नाशिकचेही लोक वाचतात. आता वय आणि प्रकृती सांगा.

बिनपगारी भटका
जूनमध्ये तिथे ऐन हिवाळा असतो, दिवस जेमतेम आठ तासांचा. तरीही हिमनदी जागेवरच असते आणि गर्दी नसते. मी अजूनही पेरितो मोरेनोच म्हणेन.

सडा आणि कातळ
लाखो रुपये खर्चून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाण्याआधी आपल्या देशात काय आहे ते पाहावे. झंस्कारमधली द्रांग-द्रुंग हिमनदी रस्त्यावरून, गाडीतून उतरल्या उतरल्या दिसते. कारगिलहून पदुमकडे जाताना पेन्सी-ला ही खिंड लागते. तिच्यावरून ती वळण घेत खाली येणारी हिमनदी पाहिली, की परदेशातील छायाचित्रे फिकी वाटतात. जून-जुलैमध्ये आपल्याकडे धो-धो पाऊस असतो तेव्हा तो भाग पर्जन्यछायेत असतो, म्हणजे आपल्या बंदीचा काळ तिथे अगदी योग्य. गंगोत्रीवरून गोमुख हाही पर्याय आहे. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, परंतु त्यासाठी परवाना लागतो आणि एका बाजूने १८ किलोमीटरच्या आसपास चालावे लागते.

चाफा
पेन्सी-ला समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंच आहे हे आपण लिहिले नाही. माझ्या आईला लेहमध्येच, म्हणजे त्याहून पुष्कळ खाली, पहिल्या रात्री धाप लागली आणि आम्ही ती रात्र दवाखान्यात काढली. आयुष्यभर समुद्राच्या पातळीवर राहिलेल्या माणसाला एकदम तिथे नेऊ नये. धागाकर्त्याने वडिलांचे वय अजूनही सांगितलेले नाही.

सडा आणि कातळ
कारगिलला दोन-तीन दिवस राहून हळूहळू वर गेले की त्रास बहुधा कमी होतो. ज्येष्ठ नागरिकही जातात. एका अनुभवावरून सगळ्यांना घाबरवू नये.

चाफा
मी घाबरवत नाही, उंची सांगते आहे.

हर्णैबंदर
वय ७१. मागच्या दिवाळीत दोन स्टेंट बसवले आहेत. उजवा गुडघा दुखतो, सपाट जमिनीवर हळूहळू किलोमीटरभर चालतात, पायऱ्या टाळतात. बाकी प्रकृती ठणठणीत आहे.

गुहागरकर
"बाकी" म्हणजे काय उरले? असो. द्रांग-द्रुंग आणि गोमुख हे दोन्ही यादीतून वजा करावेत. हृदयरोगतज्ज्ञांना विमानप्रवासाबद्दल आधी विचारावे, तिकिटे नंतर.

कुडाळची सून
आम्ही सासूबाईंना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखला गेलो होतो, म्हणून सांगते. १९१२ साली पूर्ण झालेली रेल्वे आयगर आणि म्योंश या डोंगरांच्या पोटातून जाते आणि ३,४५४ मीटरवर नेऊन सोडते. चालणे अगदी थोडे. वर उद्वाहन आहे, आणि समोर आल्प्समधली सर्वांत लांब आलेच हिमनदी २० किलोमीटरहून अधिक पसरलेली दिसते. बर्फाच्या आत कोरलेला महालही आहे, त्याच्या भिंतींना हात लावता येतो. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्याव्यात. पहिली, उंचीमुळे सासूबाईंना गरगरले आणि आम्ही अर्ध्या तासात खाली आलो. दुसरी, ढग असतील तर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून सकाळी थेट चित्रण पाहूनच तिकीट काढावे. खाली उतरल्यावर इंटरलाकेनला भारतीय जेवण मिळते.

मुरुडचा माड
खरा बर्फ अंटार्क्टिकातच, बाकी सगळे नमुने. आणि अंटार्क्टिकाचा रस्ता आपल्या किनाऱ्यावरून जातो हे किती जणांना ठाऊक आहे? भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती, डॉ. कासिम तिचे नेते होते. ध्रुवीय आणि सागरी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही वास्कोला आहे. वडिलांना आधी तिथे घेऊन जावे.

शुद्धलेखन_आजोबा
माहिती अचूक आहे, पण प्रश्नाचे उत्तर नाही. ती संशोधनसंस्था आहे, सहल कंपनी नव्हे. पर्यटक अंटार्क्टिकाला बहुधा अर्जेंटिनातील उशुआयाहून जातात, तेही तिकडच्या उन्हाळ्यात, आणि ड्रेक सामुद्रधुनीच्या लाटांत दोन दिवस काढून.

दाभोळखाडी
धागाकर्त्यांना एक प्रश्न विचारतो. वडिलांना नेमके काय करायचे आहे? दुरून पाहायचे आहे, की जवळ जायचे आहे? उत्तरावर सगळे अवलंबून आहे.

हर्णैबंदर
हा प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता, आज विचारला. त्यांनी जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो, म्हणजे पुन्हा तपशील मागायला नकोत. आमच्याकडे डब्यांत पाणी भरून ते डबे थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाकीत उतरवतात. पाणी कडेकडून आत गोठत जाते आणि त्यातली हवा व गाळ मध्यभागी ढकलला जातो. त्यामुळे लादी कडेने काचेसारखी आणि पोटात दुधाळ असते. ती पांढरी नस वडिलांनी जन्मभर पाहिली. त्यांना अशी लादी हातात घ्यायची आहे जिच्या पोटात ती नस नाही. दुरून पाहण्यात त्यांना रस नाही. "दुरून तर टीव्हीवर बघतोच की," असे म्हणाले.

दाभोळखाडी
मग उत्तर आइसलँड, आणि त्यातही योकुलसारलोन. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. राजधानी रेक्याविकपासून रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर. वातनायोकुल नावाच्या प्रचंड हिमाच्छादनाने त्या देशाचा जवळपास ८ टक्के भाग व्यापलेला आहे. त्याची एक जीभ खाली उतरून सरोवरात तुटते. सरोवर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. भरतीला समुद्राचे पाणी आत शिरते, मासे पकडायला सील हे प्राणी आत येतात, आणि ओहोटीला हिमनग लहानशा प्रवाहातून बाहेर वाहत जातात. आपल्या खाडीच्या मुखाशी होते तेच, फक्त होड्यांच्या जागी बर्फ. समुद्र त्यातले काही तुकडे पुन्हा काळ्या वाळूवर आणून टाकतो. वाहनतळापासून वाळूपर्यंत चालणे थोडेच आहे. उंचीचा प्रश्नच नाही, कारण आपण समुद्रसपाटीवर उभे असतो.

आता लादीबद्दल. हिमनदीतला बर्फ पाणी गोठवून झालेला नसतो, वर्षानुवर्षे पडलेल्या हिमाचे थर एकमेकांच्या वजनाने दाबले जाऊन झालेला असतो. दाबाने हवेचे बुडबुडे अगदी बारीक होतात, पुष्कळसे निघूनही जातात. असा दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो, म्हणून जाड तुकडा निळा दिसतो. सरोवरात फिरवणाऱ्या नावेवर वाटाड्याने पाण्यातून एक तुकडा उचलून सगळ्यांच्या हाती फिरवला होता. सासऱ्यांनी तो सर्वांत जास्त वेळ धरून ठेवला, आणि पुढची दोन मिनिटे त्यांना खिशातून रुमाल काढता येईना.

बिनपगारी भटका
ते तुकडे सुंदर असतील, परंतु पेरितो मोरेनोच्या भव्यतेपुढे ते कारंज्याशेजारचे गारगोटे आहेत. शीर्षकात "सर्वांत भव्य" असे लिहिले आहे.

चाफा
शीर्षकात "हिमनग" असेही लिहिले आहे. वडिलांना काय हवे ते आता कळले आहे, त्यावर बोलावे.

सडा आणि कातळ
किनाऱ्यावर रोज बर्फ असेलच याची खात्री काय? द्रांग-द्रुंग निदान जागची हलत नाही.

दाभोळखाडी
रास्त शंका. भरती, वारा आणि दिवस यांवर ते अवलंबून असते. आम्हाला पहिल्या दिवशी संध्याकाळी माणसाच्या उंचीचे दोन-तीन तुकडे मिळाले, दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त गुडघ्याएवढे. म्हणून रेक्याविकहून एका दिवसात जाऊन परत येण्याची सहल घेऊ नये. वाटेत मुक्काम करावा आणि सरोवराच्या पूर्वेला हॉफ्न या बंदराच्या गावी दोन रात्री राहावे. ते मासेमारीचे गाव आहे, वडिलांना करमेल. जूनमध्ये रात्री अंधारच पडत नाही, त्यामुळे रात्री दहाला ओहोटी असली तरी किनाऱ्यावर जाता येते.

दोन इशारे. उन्हाळ्यात हिमगुहेत नेतो असे कोणी म्हटले तर जाऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला होता. आणि विक गावाजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून उभे राहू नये. हर्णैच्या माणसाला लाटेबद्दल सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, पण तिथली लाट न सांगता बरीच आत येते आणि तिने माणसे नेलेली आहेत.

कुडाळची सून
पाण्याची बाटली, कानटोपी आणि आत घालायचे लोकरीचे कपडे घ्यावेत. मोजे तीन जोड. आइसलँडला बाहेरचे जेवण फार महाग पडते, तेव्हा स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि मेतकूट-भात, सांडगी मिरची सोबत न्यावी.

हर्णैबंदर
जेवणाचे विचारले नव्हते, तरी आभार. ठिकाण ठरले. वडिलांना सरोवराचे चित्र दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की वाळूवरचा बर्फ कोणाच्या मालकीचा असतो. मी आणि ते, दोघेच जाऊ. आता तिकिटे काढतो.

गुहागरकर
थांबा. आइसलँडला शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा, व्हिसा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि उन्हाळ्यासाठी मुंबईतल्या भेटीच्या वेळा लवकर भरतात. फेब्रुवारी संपत आला आहे. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. स्टेंटची माहिती विमा कंपनीपासून लपवू नये, नाहीतर गरजेच्या वेळी दावा नाकारला जाईल. दोघांच्या पासपोर्टची मुदत किती शिल्लक आहे?

हर्णैबंदर
माझ्या पासपोर्टला चार वर्षे आहेत. वडिलांकडे मत्स्यव्यवसाय खात्याचे ओळखपत्र आहे.

गुहागरकर
पासपोर्टचे विचारले.

हर्णैबंदर
पासपोर्ट नाही. कधी लागला नव्हता.

शुद्धलेखन_आजोबा
पंचवीस-तीस प्रतिसादांनंतर हे कळते आहे.

चाफा
रागावू नका. वेळ अजून आहे. आजच ऑनलाइन अर्ज भरा आणि जवळच्या सेवा केंद्रात मिळेल ती पहिली वेळ घ्या. पोलीस पडताळणीच्या दिवशी वडील घरीच असतील असे पाहा, कारखान्यावर नव्हे. पासपोर्ट मार्चअखेर आला तर एप्रिलमध्ये व्हिसाचा अर्ज करून जूनचा उत्तरार्ध किंवा जुलै गाठता येईल. त्याआधी एक काम करा. आधार कार्ड, पॅन कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला हे तीनही कागद शेजारी ठेवून नाव अक्षर न अक्षर जुळते का ते बघा.

हर्णैबंदर
बघितले. आधारवर बाळकृष्ण आहे, पॅनवर बाळकृष्ण आहे, दाखल्यावर बाळा आहे. उद्या सकाळी शाळेत जातो.